चित्रात नसलेलं दुकान

छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काडीकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आपण बरं आणि आपल्या छत्र्या बऱ्या, असा नाकासमोर चालणारा माणूस. जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. ते इतकं चिंचोळं, की छत्री उघडून बघायची तर गिऱ्हाइकाला आधी बाहेर काढावं लागे.

गल्लीचा कायापालट आपला आपणच करायचा, असं रहिवाशांनी ठरवलं, तेव्हा चित्रकलेच्या निवृत्त बाईंनी नव्या गल्लीचं मोठं रंगीत चित्र काढून आणलं. सभेत सगळ्यांनी हात वर केले. काकांनीही केला. त्यांच्या पुढ्यात धिप्पाड बेकरीवाला बसल्यामुळे चित्र त्यांना दिसलंच नव्हतं.

चित्र एकमताने मंजूर झालं आणि तिथेच माशी शिंकली. या गल्लीत मंजूर झालेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चित्रात भिंती पिवळ्या, म्हणून सगळ्या भिंती पिवळ्या झाल्या. इथवर ठीक. पण बाईंचा ब्रश घसरून दिव्याचा खांब वाकडा आला होता, तेव्हा चांगल्या सरळ खांबाला दोर बांधून लोकांनी तो वाकवला. चित्रातल्या कुत्र्याच्या अंगावर ठिपके होते. गल्लीतला तांबडा कुत्रा रंगाचा डबा बघून जो पळाला तो पळालाच. शेवटी शेजारच्या गल्लीतून ठिपक्यांचा कुत्रा उसना आणला. तो संध्याकाळी आपल्या घरी जाई.

आणि चित्रात जिन्याखाली दुकान नव्हतं. तिथे फुलं होती, पुढे उघड्यावर एक बाक होता आणि बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला म्हातारा.

"तुम्हीच आहात ते, काका," बाई कौतुकाने म्हणाल्या. "जन्मभर राबलात. म्हटलं, चित्रात तरी जरा बसवावं."

मायेने काढलेल्या चित्राला माणूस काय बोलणार? काका बरं म्हणाले. दुकान भिंत घालून बंद झालं, पकडी आणि तारा घरी पलंगाखाली गेल्या, आणि काका दिवसभर बाकावर. हात जरा हलले, की या कायापालटासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष समोरच्या आपल्या औषधांच्या दुकानातून ओरडत, "काका, गुडघ्यावर!" असल्या माणसाला चार शब्द सुनावावेत असं कुणालाही वाटेल, पण काका मान डोलावत.

काकूंना मात्र ते बघवेना. "अहो, झोपेत बोटं हलतात तुमची, तार वळवल्यासारखी. सांगा ना त्यांना!"

"हात वर केला होता गं मी."

"एक केला होता ना? मग दुसरा देवाने कशाला दिलाय?"

मग पावसाने झोडपायला सुरुवात केली. चित्रात तर लख्ख ऊन होतं. पाऊस नामंजूर आहे, असं बेकरीवाल्याचं म्हणणं पडलं आणि तो छत्रीशिवाय हिंडून शिंकत बसला. अध्यक्ष मात्र छत्री घेऊन निघाले. कोपऱ्यावर वाऱ्याने ती उलटीपालटी केली. ते निथळत बाकापाशी आले.

"काका, तेवढी काडी बसवून द्या ना."

बघता क्षणीच कुठली काडी निसटलीय ते काकांना कळलं. बोटं शिवशिवली. हात अर्ध्यावर उचललाही. मग तो त्यांनी पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

"नाही," काका म्हणाले. "चित्रातल्या म्हाताऱ्याला छत्र्या दुरुस्त करता येत नाहीत."

आडोशाला उभी असलेली माणसं, त्यांत बाईही, वळून बघू लागली. काकांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलाच नव्हता. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या धावत जाऊन चित्र आणि रंग घेऊन आल्या आणि तिथेच, जिन्याखाली उभ्या राहून, त्यांनी फुलांच्या जागी दुकान रंगवलं. चित्रावर पावसाचे शिंतोडे उडून दाराची चौकट तिरकी ओघळली. सगळ्यांनी हात वर केले.

म्हणून काकांच्या नव्या दुकानाचं दार तिरकं आहे आणि आत जाताना त्यांना तिरकं व्हावं लागतं. त्याचं त्यांना काही नाही.

घाईत बाकावरचा म्हातारा पुसायचा मात्र राहिला. काका दुकानात, मग बाकावर कोण? पुन्हा सभा झाली, पुन्हा हात वर झाले, आणि आता तिथे अध्यक्ष बसतात. पावसात भिजतात. दुरुस्त छत्री शेजारीच असते, पण ती धरायची तर हात उचलावे लागतील. तसा ते प्रयत्न करतात, पण तिरक्या दारातून काका लगेच ओरडतात, "गुडघ्यावर!"