इरम्मा आजीनं मागच्या बाजूनं पाहिलेला सिनेमा

हे मी लिहिणारच नव्हते. कॉलेजच्या अंकासाठी विषय आला होता, 'सिनेमा-मालिकांतला स्त्रियांवरचा अत्याचार'. मी रागारागात दोन पानं टाइप केली, स्वतःच वाचली, जांभई आली, डिलीट मारलं. मग खालच्या मजल्यावर इरम्मा आजीकडं मालिका बघायला गेले. मालिकेतली सून जिन्यावर बसून रडत होती. सोमवारपासून तीच पायरी. माझे डोळे भरले, मला लगेच येतं रडू. आजी टीव्हीला म्हणाली, "उठ की गं भवाने. बूड दुखत न्हाय का?"

मी म्हटलं, "आजी, तिच्यावर अन्याय होतोय."

"व्हय, दिसतंय की. पर तोंड हाय ना तिला?"

आणि मग तिनं तिच्या सासरची, तेर गावची गोष्ट सांगितली. मी वर पळत आले आणि जशी ऐकली तशी टाइप करतेय, चुका पोटात घाला.

निजामाचं राज्य होतं. इरम्मा तामलवाडीच्या बसप्पांची लेक, तेरला महांतप्पाला दिलेली. लग्नाला दीड वर्ष झालं तरी सासूनं माहेरी सोडलेलं नव्हतं. सासू पार्वतम्मा. नाव घेतलं की आजी अजून डोक्यावर पदर नीट करते आणि मग शिवी देते. घरात नियम असा की सुनेचा आवाज सासूच्या कानावर पडायचा नाही. मान हलवायची, फार तर पदराआडून 'व्हय' म्हणायचं.

"म्हणजे तुम्ही दीड वर्ष बोललाच नाहीत?"

"म्हशीसंगं बोलायची की. लई बोलायची."

चैत्रात गावच्या संताची, काकांची यात्रा भरली आणि सोलापूरकडनं तंबू-टॉकीज आलं. मालक व्यंकट. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर त्याच्या पेट्या उघडून बघितल्या म्हणे, रिळांच्या डब्यात काही चोरून आणतोय का म्हणून. बाहेर उर्दूत पाटी, आत मधोमध कनात, एकीकडं पुरुष, दुसरीकडं जनाना. सिनेमा सुनेच्या छळाचा. तो बघून बायका पदर पिळत बाहेर येत होत्या आणि गावात एकच बोलणं, काय बाई ती सासू.

त्याच यात्रेत एका सकाळी बसप्पा लेकीला न्यायला आले. काकांचं दर्शन झालं, गाडी रिकामी आहे, चार दिवस पाठवा. पार्वतम्मा म्हणाली, "कामं लई हायती. दिवाळीला बघू." बसप्पांनी हात जोडले. ते उद्या उजाडताच परत निघणार होते, नदीकाठी गाडी सोडून बसले होते. इरम्मा दाराआड उभी. बाप तसाच वळला, तिला दिसलासुद्धा नाही नीट.

आणि दिवेलागणीला पार्वतम्मा काय म्हणाली असेल? "गाडी जुपा, सिनेमाला जायचंय."

गाडी हाकायला महांतप्पा, मागं सासू, शेजारची कस्तुराबाई आणि इरम्मा. महांतप्पा पुरुषांकडं गेला, पण जनान्यात दोघीच गेल्या. बैलांपाशी कुणीतरी पाहिजे ना. गाड्या तंबूच्या मागं, म्हणजे बरोबर पडद्याच्या मागं सोडलेल्या. कापड पातळ. इरम्मानं गाडीत बसून सगळा सिनेमा मागनं बघितला. उलटा. म्हणजे डावं ते उजवं.

"ती पोरगी डाव्या हातानं जेवत व्हती," आजी म्हणाली. "मला वाटलं, म्हनूनच सासू हानतीया. म्हनलं बरोबरच हाय की, डाव्या हातानं कुनी खातंय व्हय. मग बघते तर सासूबी डावरी. मग मातर मला राग आला."

मी हसून लोळले. आजी मला म्हणाली, गप बस, पुढं ऐक.

पडद्यावर त्या सुनेचा बाप दारात आला, लेकीला न्यायला. सासूनं दार लावून घेतलं. नेमकं तिथंच रीळ संपलं. व्यंकटचं मशीन एकच, रीळ बदलेपर्यंत तंबूत काळोख. जनान्यात नुसता गलका. आणि सगळ्यांत मोठा हुंदका कुणाचा? तर आमच्या पार्वतम्माचा. "रांडंला दया न्हाय गं. लेकरू हाय कुनाचं तरी." आजीला मागं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मला काय झालं म्हायती न्हाय," आजी म्हणाली. "मी उठले."

गाडीला कंदील टांगलेला होता. ती कंदील आणि पडद्याच्या मधे उभी राहिली आणि पडद्यावर ही मोठी बाई उमटली, डोईवर पदर, तंबूएवढी. आतल्या बायकांना वाटलं सिनेमा सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, "बघा बघा, उभी राहिली बिचारी." इरम्मानं ते ऐकलं, स्वतःची सावली बघितली आणि मोठ्यानं बोलली.

"आत्याबाई, बाप न्यायला आलाय. जाऊ का मी माहेरी?"

जनाना ओरडला, जा गं, जा. पार्वतम्मा तर उभी राहिली, नाक ओढत म्हणाली, "जा गं माय माझे. उद्याच्या उद्या जा. कोन अडवतंय बघते मी."

आणि इरम्मा पडदा बाजूला करून आत आली.

आता बघा, गंमत इथं आहे. 'जा' म्हणताना सासूनं आवाज ओळखलाच नव्हता. कसा ओळखणार? तिनं तो ऐकलेलाच नव्हता.

"आणि महांतप्पा आजोबा? ते होते ना पुरुषांत?"

"त्यांनी वळखला असंल. गप बसले. तेवढे शाने व्हते."

घरी जाताना पार्वतम्मा म्हणाली, "मी सिनेमातल्या सुनेला म्हनले." महांतप्पानं नुसती गाडी हाकली. कस्तुराबाई बोलली. तिचं आणि पार्वतम्माचं तसंही पटायचं नाही. "सगळ्या यात्रेनं ऐकलंय, पार्वतम्मा. आता फिरलात तर लोक तुमालाच बघायला येतील, तंबूत न्हाय जानार."

पहाटे भांडी आपटत आपटत सासूनं भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, वर शेंगाची चटणी. दारात म्हणाली, "आवाज लई मोठा हाय गं तुझा."

"व्हय," इरम्मा म्हणाली. या वेळी पदराआडून नाही.

बसप्पा नदीकाठी बैल जुंपत होते. लेक समोर येऊन उभी राहिली तर त्यांना आधी खरंच वाटेना.

चार दिवसांचा महिना झाला, मग ती परत आली. पार्वतम्मा सुधारली वगैरे काही नाही, उगं खोटं कशाला सांगू. पण पुढच्या वर्षापासून सिनेमाला सुनेला आत घेऊन जायची, शेजारी बसवायची. प्रेमानं नाही. पडद्यावर कुणी बाई उभी राहिली की आधी हात लावून बघायची, आपली जागेवर आहे का.

तर मैत्रिणींनो, आणि मुलांनो तुम्हीपण, आजी धाराशिवला स्टँडच्या मागच्या गल्लीत राहते, दारात लाल खुर्ची आहे. तिला आता कमी ऐकू येतं, पण बोलते अजून तशीच, पार रस्त्यापर्यंत. दम लागतो हल्ली मधेमधे. लवकर जाऊन भेटा तिला, या आठवड्यातच जा. मालिकेच्या वेळेला गेलात तर आणखी चांगलं.