डाव्या बाजूचा तानपुरा

आमच्या शेजारच्या भाऊंनी चंद्रपूरकडच्या खाणीत वीस वर्षं सुरुंग उडवले. निवृत्तीनंतर ते शास्त्रीय गाण्याच्या सीडी ऐकत आणि वहीत गायकाला वेगळे, रेकॉर्डिंगला वेगळे गुण देत. "गाणं झकास, पण डावीकडचा तानपुराच नाई," म्हणत त्यांनी तीन सीडी नागपूरच्या दुकानात परत केल्या. मी त्यांना उजवीकडूनच हाक मारायची. डावीकडून मारलेली पोचत नसे.

चौथी सीडी पिशवीत गेली, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, एकदा स्पीकरकडे पाठ करून ऐका."

ते खुर्ची फिरवून बसले. मान डोलली. "तानपुरा सापडला, बाई." मग कपाळाला आठी पडली. "पण आता तबला कुठी गेला?"

नागपूरची बस दीडची होती. डबा मीच भरून दिला.