मामांचा हुंकार

ऐकण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. बोलणारे काय, पैशाला पासरी मिळतात. पण कुणी दोन शब्द सांगू लागला की मामा मांडी घालून बसतात आणि वाक्यागणिक हुंकार देतात, "हां… मग?" त्यांच्या पिंगळी गावाची रीतच तशी. हुंकार मिळाला नाही तर गोष्ट सांगणारा अर्ध्यातून उठून जातो, आणि तो उठला तर पाप ऐकणाऱ्याचं. मामा ही रीत कुठंच मोडत नाहीत. कंडक्टरनं "पुढे सरका" म्हटलं तरी हे "हां… मग?" म्हणतात. रेडिओवरच्या बातम्यांना ते एकदा इतक्या मनापासून हुंकार देत होते की पाहुणा कोण आलाय ते बघायला शेजारीण आली.

आमच्या विद्यापीठात माहितीपट आणि रंगमंचावरच्या प्रयोगांचा हंगाम भरवायचं काम माझ्याकडे होतं. दर शनिवारी दुपारी कार्यक्रम, सर्वांना प्रवेश खुला. 'सर्वांना' हा शब्द मामांनी फारच मनावर घेतला. शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली करून ते पॅसेंजरनं यायचे, सभागृहाच्या दाराशी चपला काढायचे आणि पहिल्या रांगेपुढं घोंगडी अंथरायचे. "सांगनारा उभा आन आपन खुर्चीत? बरं दिसतंय का, जावईबापू?" पडद्यावरचा निवेदक गंभीर आवाजात म्हणायचा, "जमिनीचा कस कमी होत चालला आहे." मामा म्हणायचे, "हां… मग?" पोरं हसून लोळायची. मी म्हणालो, "मामा, त्याला ऐकू जात नाही हो." "त्याला न्हाई जात, पर मला तर येतंय न्हवं?" पुढच्या शनिवारपासून मी मागच्या रांगेत बसायला लागलो.

मग पुण्याच्या एक दिग्दर्शिका मेंढपाळांवरचा माहितीपट घेऊन आल्या. त्यात एक म्हातारी पावसात मेलेल्या मेंढ्यांबद्दल सांगता सांगता गप्प होते. भर सभागृहात मामांचा आवाज आला, "हां बाई. सांग." या वेळी पोरं हसली नाहीत, पण मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. चहाच्या वेळी बड्या मंडळींच्या घोळक्यात बाईंनी विचारलं, "ते घोंगडीवाले बाबा कोण? तुमचे कुणी?"

"छे," मी म्हणालो, "येतात असेच कुणीतरी खेड्यातले."

मामा माझ्या पाठीशीच बशीत चहा ओतत होते. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, तुमच्यासारखं माझी फिल्म कुणी ऐकली नव्हती. सर ओळखीचे आहेत का तुमच्या?"

मामांनी बशी खाली ठेवली. "न्हाई जी. सायेब कुठले, आमी कुठले." माझं खोटं उघडं पडू नये म्हणून मामाही खोटं बोलले, आणि चहा तसाच टाकून चपला शोधायला गेले. तेव्हा मला लाज वाटली. पण मी तिथंच बिस्किट हातात धरून उभा राहिलो, हाक मारली नाही, याची आजही जास्त वाटते.

पुढच्या शनिवारी मामा आले नाहीत. त्या दिवशी गोष्टी सांगणारे एक वयस्कर कलावंत होते. ऐन रंगात येऊन ते थांबले. "हुंकार द्यायला कुणीच नाही का हो?" सगळ्यांनी घोंगडीच्या जागेकडे पाहिलं. मी घसा खाकरून "हां" म्हणालो, तर तो दाराच्या बिजागरीसारखा निघाला. कलावंतांनी उरलेली गोष्ट कशीबशी आटोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पिंगळी गाठली. मामा शेळ्यांना पाला टाकत होते. "या जावईबापू," नेहमीसारखंच म्हणाले आणि माझ्यासाठी घोंगडी अंथरली. येताना गाडीत मी सगळी वाक्यं जुळवली होती. "मामा, त्या दिवशी मी…" एवढं बोललो आणि पुढचं काही केल्या तोंडातून निघेना. मामांनी हातातला पाला खाली ठेवला, माझ्यासमोर मांडी घातली.

"हां… मग?"

डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी शेळीकडे बघू लागलो. मामा थोडं जवळ सरकले.

"सांगा की सावकाश," ते म्हणाले. "मी आयकायलोय."