पाण्याचा वास

राष्ट्रीय रसायनशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, सुनीताला, उद्योगातल्या कामगिरीबद्दल पुरस्कार मिळाला. रंगांचा मोठा कारखाना ती सांभाळते. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. जेवताना मात्र पाहिलं, पाणी पिण्याआधी तिनं पेला नाकाशी नेला.

"काय गं, वास येतोय?"

"नाही सर, सवय झालीय. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत सगळेच असं करतात. माझी मुलगीसुद्धा," ती सहज म्हणाली.

त्या नोकरीसाठी शिफारसपत्र मीच दिलं होतं. रंग, औषधं, खतं यांच्याशिवाय देश चालत नाही, हेही वर्गात मीच शिकवलं होतं, आणि ते खोटं नाही.

निघताना ती पाया पडायला वाकली. आशीर्वाद द्यावा की तिची माफी मागावी, मला कळेना.