परत मागितलेलं अर्पण

आमच्या यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. अर्धांगवायूचा झटका आलेला. बोलणं बंद, शुद्ध असली-नसली सारखीच. अशात चर्चचा कापणीचा सण आला. दरवर्षी आम्ही घरची भाजी-फळं अर्पण करतो आणि मग अंगणात त्यांचा लिलाव होतो. या वेळचे पैसे आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्याचं छत दुरुस्त करायला जाणार होते. खरं सांगते, मला रागच आला. इथे माझा माणूस आडवा पडलाय आणि आम्ही सातासमुद्रापलीकडचं छत शाकारतोय! प्रभूच्या मनात काय आहे ते मला कळेना.

तरी भोपळा, आमच्या बोलीतलं कोहळं, घेऊन गेले. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गच्चीवर यांनीच तो सणासाठी वाढवला होता, अगदी लेकरासारखा. वेदीपाशी ठेवताना काही वाटलं नाही. पण लिलावात तो उचलला आणि माझ्या डोक्यात भलतंच शिरलं, की हा गेला तर हेही जातील. आपल्याच अर्पणावर बोली लावायची नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. मी लावली. मंडळी आधी हसली, मग त्यांना यांची आठवण झाली. दयेपोटी कोणी बोली वाढवेना.

तेवढ्यात मागून एका अनोळखी माणसाने वाढवली. मी वाढवली, त्यानेही वाढवली. पाळकसाहेबांनी खुणावलं तरी गडी ऐकेना. त्याचं नरडं धरावं असं मला वाटत होतं. मग काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. हात वर करायचा होता, तो वर गेलाच नाही. भोपळा त्याला मिळाला.

मी तरातरा त्याच्यापाशी गेले. "काहून घेतलं हो? बजारात कोहळे मिळत नाही का?"

"रागावू नका, माय. मले कोहळ्याचं काही नाही. आमच्या गावचा दवाखाना बंद पडला, छत गळते म्हणून. बायकोले इतक्या दूर धंतोलीत आणा लागलं. रस्त्यानं जाऊन राहिलो होतो, तं छताचं ऐकू आलं. कोणाचं तरी छत होऊन राहिलं न, म्हणून थांबलो." त्याने भोपळा पुढे केला. "तुमचं असन तं न्या."

मी हात पुढे केला होता. तोंडातून मात्र निघालं, "नाही जी. ते देवाले दिलं हाय."

त्याला प्रभूने धाडलं, की तो आपला वाटेत थांबलेला एक काळजीतला नवरा, मला ठाऊक नाही. नावही विचारलं नाही. रोज मी यांच्या उशाशी बसून 'माझा माणूस मला दे' म्हणून हट्ट धरायची. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणाले, "प्रभो, हे आधी तुझे, मग माझे." यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

पुढे हे घरी आले. आता काठी टेकत चालतात, अर्धंमुर्धं बोलतात. लोक म्हणतात, तुमची प्रार्थना ऐकली. ऐकली असेल. मी मात्र आभार मानते ते त्या संध्याकाळचे. तेव्हा काहीच मिळालं नव्हतं आणि तरीही माझी मूठ सुटली होती.