कांद्याची मान दाबणारा

गंगापूर रोडला दर रविवारी सकाळी चांदवडचा एक कांदेवाला टेम्पो लावतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तागडीत टाकण्याआधी तो प्रत्येक कांद्याची मान अंगठ्याने दाबून बघतो. मऊ लागला की स्वतःच म्हणतो, "हा सडनार," आणि बाजूला टाकतो.

परवा निवडता निवडता तो म्हणाला, की सरकारने निर्यात बंद केली ते साफ चुकलं. शेजारी फिरायला निघालेले एक निवृत्त साहेब कांदे घेत होते. ते ताठ झाले. "स्वतःच्या देशाला नावं ठेवतोस? याला देशद्रोह म्हणतात."

मी माझ्या नेहमीच्या शौर्याने पिशवीचे बंद तपासू लागलो.

कांदेवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, कांदाबी माझाच हाय. तरी मऊ त्याला मऊच म्हनतो. तुम्हाला चालत नसंल तर नाय म्हनत." आणि बाजूला टाकलेले कांदे ओंजळीने उचलून तो साहेबांच्या तागडीत भरू लागला.

साहेबांनी झटकन हात आडवा घातला. "अरे, ते नको. बघून दे."

"बघू कसा? बघितलं की बोलावं लागतं."

साहेब स्वतःच खाली वाकले आणि मोठ्या तळमळीने एकेका कांद्याची मान दाबून त्याला नावं ठेवू लागले.