अक्कांनी न विचारलेला प्रश्न

अक्का गेल्याची बातमी मला सगळ्यांत उशिरा कळली आणि त्याला कारणीभूत स्वतः अक्काच होत्या. आमच्या कलबुर्गीच्या विद्यापीठात तुरीच्या प्रयोगासाठी एक नेटहाऊस आहे, म्हणजे बारीक जाळीची, दुहेरी दाराची बंद खोली. तिथं मोबाईल न्यायला अक्कांची सक्त मनाई होती. हातमोज्यांनी कुंडीतली माती चिवडायची आणि त्याच हातानं फोन कानाला लावायचा, हे त्यांना खपायचं नाही. त्यामुळं त्या सकाळी माझा फोन बाहेरच्या कपाटात वाजत राहिला आणि मी आत निवांतपणे पानं तपासत बसलो. बाहेर येऊन पाहतो तर वरपासून खालपर्यंत एकच निरोप... खटकचिंचोळीला भावाच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता अक्का गेल्या. मी पोचलो तेव्हा त्यांचा भाऊ दारातच म्हणाला, "कवाधरनं फोन लावायलाव सर, उचलला कामून न्हाई?" मी कारण सांगितलं. रडून रडून डोळे सुजलेला तो माणूस क्षणभर हसला आणि म्हणाला, "मग बराबर हाय."

अक्का म्हणजे डॉ. सुलोचना. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक आणि आमच्या जैवसुरक्षा समितीच्या अध्यक्ष. विद्यापीठात कुणालाही जंतूंवर, बुरशीवर किंवा जनुकं बदललेल्या कशावरही प्रयोग करायचा असेल तर आधी या समितीसमोर उभं राहावं लागतं. तुमच्या प्रयोगानं कुणाला अपाय होणार नाही, आतलं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही, हे पटवून द्यावं लागतं. इतर ठिकाणी हे काम चहा-बिस्किटात उरकतं असं ऐकून आहे. आमच्याकडं चहा मिळायचा तो परवानगी मिळाल्यावर, आणि पुष्कळांच्या नशिबी तो नसायचाच. अक्कांच्या सहीशिवाय कँटीनवाला दहीसुद्धा लावत नाही, अशी चेष्टा चालायची. त्या घरच्यासारखं मराठीत बोलायच्या, बैठक कन्नडमधून चालवायच्या आणि रागवायच्या मात्र फक्त दख्खनी उर्दूत. 'मियाँ' या शब्दानं वाक्य सुरू झालं की समोरचा उपकुलसचिव असला तरी खुर्चीत सरळ बसायचा.

मी कलबुर्गीजवळच्या आळंदचा. आमचं सगळं घर तुरीवर चालतं आणि तुरीला लागते मर. हिरवंगार, फुलावर आलेलं झाड एकाएकी सुकतं, मग त्याच्या शेजारचं, आणि बघता बघता पट्टाच्या पट्टा उभ्या उभ्या वाळून जातो. जमिनीतली बुरशी हे करते. त्या बुरशीला आवर घालील असा एक जिवाणू मी आमच्याच रानातल्या मातीतून वेगळा काढला होता आणि त्याच्या जनुकांत थोडा बदल करून तो कुंडीतल्या तुरीवर वापरून बघायचा होता. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एवढंच सांगितलं होतं की मरीवर औषध शोधतोय आणि त्यासाठी विद्यापीठात तूर लावलीय. हे जमलं तर काय होईल, हे मला अप्पांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

परवानगीच्या बैठकीत अक्कांनी मला घाम फोडला. वारा सुटला तर? जाळी फाटली तर? उंदीर शिरला तर? शिपाई डबा घेऊन आत बसला तर? कुंड्यांचं पाणी कुठं जातं? ते पाणी कुत्रं प्यालं तर? ते कुत्रं कुणाचं? प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर शोधत गेलो, दुसरं दार बसवलं, नाली बांधली, भोकं बुजवली. शेवटी अक्कांनी सही केली आणि मला चहा पाजला. त्या दिवशी मला वाटलं की आता या तुरीपर्यंत पोचेल असा प्राणी पृथ्वीवर उरलेला नाही.

बाप आला तर, हे अक्कांनीही विचारलं नव्हतं.

येळवस आली. आमच्याकडं या थंडीतल्या अमावस्येला गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात जातात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खातात आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. त्या शिंपडण्याला चरगा म्हणतात. मीही मोटारसायकल काढून आळंद गाठलं. रानात आई होती, पाहुणे होते, अप्पा नव्हते. विचारलं तर आई म्हणाली, "ते सकाळच्याच मोटारीनं गेलेत की. तुज्या शेताकडं."

"माझं कुठलं शेत?"

"ते न्हाई व्हय तुजं, इनवर्सिटीतलं? तिथं चरगा कोन करनार, म्हनून गेले."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. मी परत कलबुर्गीला पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अप्पांनी पहारेकऱ्याला पोटभर भज्जी खाऊ घातली, 'सायबाचा बाप हाय' म्हणून सांगितलं, आणि त्यानं खाल्ल्या भज्जीला जागून दोन्ही दारं उघडून दिली. अप्पा चपला घालून आत गेले, एकही कुंडी न वगळता सगळ्या तुरीवर भरभरून आंबील शिंपडली, हात जोडले आणि बाहेर आले. एवढ्यावर भागलं असतं तर त्या दिवशी कुणाला पत्ताही लागला नसता. पण पोराच्या मोठ्या बाईंना प्रसाद द्यायला हवा, म्हणून ते उरलेल्या आंबिलीचं मडकं घेऊन थेट अक्कांच्या खोलीत गेले. सणाच्या दिवशी सगळं विद्यापीठ ओस पडलं होतं, आणि अक्का तेवढ्या कामावर होत्या.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा अप्पा बाकावर अनवाणी बसले होते. त्यांचे पाय साबणानं आणि औषधानं धुऊन झाले होते. चपला ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या होत्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबावर जंतू मारणारा मोठा कुकर. आतली माती तळव्याला लागून बाहेर जाऊ नये म्हणून अक्कांनी हा इलाज केला होता, आणि तो बरोबरच होता. फक्त अस्सल कातडी चपला त्यातून भाजलेल्या पापडासारख्या वळून बाहेर आल्या. अप्पांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि मला म्हणाले, "शिजल्या की रं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आंबट ताकातले जिवंत जंतू प्रत्येक कुंडीत पडले होते, आता माझा जिवाणू काय करतो आणि आंबील काय करते हे देवालाही सांगता आलं नसतं.

मग चौकशीची बैठक बसली. रसायनशास्त्राचे एक सर परवानगी कायमची रद्द करा म्हणून अडून बसले. तसं झालं असतं तर माझं काम तिथंच संपलं असतं. अक्का म्हणाल्या, आत गेलेल्या माणसाचं ऐकू या. अप्पा धुतलेलं धोतर आणि नवा रुमाल बांधून समितीसमोर आले.

"काका, आत कामून गेलाव?" अक्कांनी विचारलं.

"मंग? येळवसेला पीक उपाशी ठिवतेत व्हय? त्यात हे आजारी पीक. मर लागल्यालं."

"आंबिलीत काय काय घातलाव?"

"जवारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं. तुमी खटकचिंचोळीच्या, तुमाला न्हाई व्हय ठावं?"

"ठावं हाय. पर ह्या सरांना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

रसायनवाल्या सरांनी ताक किती जुनं होतं हे विचारलं, अप्पांनी उत्तर दिलं, आणि आमच्या समितीच्या इतिवृत्तात आंबिलीची कृती कायमची नोंदली गेली. मग अक्कांनी अप्पांना समजावून सांगितलं की ती तूर आता काढून जाळीच्या आतच नष्ट करावी लागणार, मातीसकट. अप्पा रुमालाचं टोक चाळवत राहिले. "म्हंजे... माज्यामुळं औषध गेलं?" अक्का म्हणाल्या, "ह्या साली गेलं. फुडच्या साली लावंल की तुमचा पोरगा." आणि त्यांनी रसायनवाल्या सरांकडं अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता 'मियाँ' येणार. आला नाही. सरांनी मान डोलावली होती.

पुढच्या हंगामाच्या परवानगीत अक्कांनी एक जादा अट घातली. नेटहाऊसच्या बाहेर, मोकळ्या जागेत, साध्या तुरीची एक ओळ लावावी, येळवसेसाठी. सरांनी याचं शास्त्रीय कारण विचारलं. अक्का म्हणाल्या, "यांच्या वडिलांचं काम बाहेर होत असेल तर ते आत कशाला जातील? हे काय, कुंपणच आहे." शिवाय त्या दिवसापासून प्रत्येक अर्जदाराला त्या वारा, उंदीर आणि कुत्र्यानंतर विचारू लागल्या, "घरातलं कोण कोण येतंय बघायला?" परदेशात शिकून आलेल्या एका बाईंना आपल्या सासूबाईंची सविस्तर माहिती द्यावी लागली. अप्पांना मात्र अक्कांनी स्वतः बाजारात नेऊन नव्या चपला घेऊन दिल्या. त्या चपला अप्पा आळंदमध्ये 'इनवर्सिटीनं दिल्या' म्हणून वर्षभर मिरवत होते.

औषध अजून झालेलं नाही, हेही सांगायला हवं. कुंडीत जिवाणू बरा चालतो, उघड्या रानात न्यायला अजून मोठ्या परवानग्या लागतात, आणि अप्पांच्या तुरीत अजून मर लागते. अक्कांशिवाय त्या परवानग्यांच्या मागे लागायचं म्हटलं की मी अर्ज पुन्हा खणात ठेवतो. त्या असताना मी त्यांच्या प्रश्नांना भ्यायचो. आता असे प्रश्न कुणी विचारत नाही, याची भीती वाटते. मला त्यांची फार आठवण येते, हे आडपडदा न ठेवता लिहितो.

परवा येळवस झाली. अप्पा आले, बाहेरच्या ओळीवर चरगा केला, नेटहाऊसकडं नुसतं पाहिलं. मग मडकं घेऊन फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली गेले. प्रयोगशाळेच्या हद्दीत अन्न नको म्हणून अक्का दर येळवसेला तिथं उभ्या राहून त्यांच्या हातची आंबील प्यायच्या. अक्कांची एक सवय सांगायची राहूनच गेली. आंबील घेण्याआधी त्या सगळ्यांना हात धुवायला पाठवायच्या, कोपरापर्यंत, आणि परत आल्यावर कोपरं बघायच्या. अप्पांना याचा भारी राग यायचा. रानात कोन हात धुतंय, म्हणून पुटपुटत ते नळाकडं जायचे.

यंदा तिथं आम्ही दोघंच होतो. अप्पांनी एक ग्लास भरून झाडाच्या बुंध्याशी ठेवला. मग दुसरा भरला. मी हात पुढं केला तर ग्लास मागं घेऊन म्हणाले, "आदी हात धुऊन ये."

मी नळावर जाऊन धुऊन आलो. अप्पांनी माझं मनगट धरलं, बाही वर सारून कोपर बघितलं, आणि मग ग्लास दिला.